व्हल्कन की वेबजीएल: दारव्हा तालुक्यातल्या एका शिवाराचं प्रकरण

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्यात चार जणांची एक छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे. कृषी केंद्रांची बिलं, पतसंस्थांचे हिशेब, जिनिंगच्या वजनकाट्याला संगणक जोडून देणं, हे तिचं रोजचं काम. 2023 च्या उन्हाळ्यात पाणलोटाचं काम करणाऱ्या एका संस्थेनं तिच्याकडे वेगळीच मागणी केली. ड्रोननं मोजलेलं गावाचं शिवार पडद्यावर उंचसखल दिसलं पाहिजे, बोटानं फिरवता आलं पाहिजे, त्यावर गट नंबर हवेत. शिवाय एखाद्या जागी बांध घातला तर पाणी कुठं तुंबेल आणि कुठून निघून जाईल, हे ग्रामसभेत सगळ्यांदेखत दाखवता आलं पाहिजे. आधी एक गाव, जमलं तर पुढची.

काम हाती घेतलं आणि पहिल्याच बैठकीत घोडं अडलं ते ग्राफिक्स एपीआयवर. आपला प्रोग्राम जीपीयूला (चित्रं काढणाऱ्या चिपला) 'हे त्रिकोण इथं काढ, त्यांच्यावर हे चित्र पसर' असं ज्या ठरलेल्या आज्ञांमधून सांगतो, त्या आज्ञांचा संच कोणता घ्यायचा? पर्याय होते व्हल्कन, ओपनजीएल ईएस (ओपनजीएलचं फोनसाठीचं रूप), वेबजीएल (त्याचंच ब्राउझरमधलं रूप) आणि ब्राउझरसाठीच नुकतंच आलेलं वेबजीपीयू. मी या कामात अधूनमधून सल्ला द्यायला जात असे, त्यामुळे दोन्ही बाजू ऐकायला मिळाल्या.

व्हल्कनचा झेंडा धरला होता पुण्यात गेम कंपनीत काही वर्षं काढून गावाकडे परतलेल्या इंजिनिअरनं. त्याचं म्हणणं साधं होतं: ओपनजीएल संपलंय, मग संपलेल्या गोष्टीवर नवं घर का बांधायचं? ओपनजीएलची शेवटची आवृत्ती, 4.6, आली 2017 मध्ये. 2018 मध्ये ॲपलनं आपल्या यंत्रांवर ते कालबाह्य ठरवलं. उलट व्हल्कन फेब्रुवारी 2016 चं, आणि अँड्रॉइडनं ते त्याच वर्षीच्या 7.0 आवृत्तीत घेतलं. यातली एकही गोष्ट खोटी नाही. समोर होता वेबसाइटी करणारा सहकारी. त्याच्याकडे युक्तिवाद फारसा नव्हता, 'ब्राउझरमध्ये चालेल ते सगळीकडे चालेल' एवढंच. तिसरी होती क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर सांभाळणारी मुलगी, तिला या भांडणात रस नव्हता. निर्णय घ्यायचा होता कंपनी चालवणाऱ्या ताईंना, आणि त्यांनी ग्राफिक्सचा प्रोग्राम आयुष्यात कधी लिहिला नव्हता. माझ्या मते हा फायदाच ठरला.

थोडं मागे जाऊ, कारण हा वाद काही दारव्ह्यात जन्मलेला नाही. ओपनजीएल 1992 मध्ये सिलिकॉन ग्राफिक्सनं आणलं, महागड्या वर्कस्टेशनांसाठी. मायक्रोसॉफ्टचं डायरेक्टथ्रीडी आलं 1996 मध्ये, आणि सुरुवातीला ते वापरायला इतकं किचकट होतं की 'क्वेक' लिहिणाऱ्या जॉन कारमॅकनं त्याच वर्षाच्या अखेरीस आपण ओपनजीएलच वापरणार असं जाहीरपणे लिहून टाकलं. तेव्हाचे जाणते त्याच्या बाजूचे होते. तरी पुढच्या पाचसहा वर्षांत विंडोजवरचे बहुतेक गेम डायरेक्टथ्रीडीकडे गेले. मायक्रोसॉफ्टनं चुका सुधारल्या, नव्या कार्डांच्या करामती झटपट आत घेतल्या, आणि विंडोज तर तिच्याच घरची. ओपनजीएल मात्र समितीच्या गतीनं चाललं. मग 2013 मध्ये एएमडीचं मँटल, 2014 मध्ये ॲपलचं मेटल, 2015 मध्ये डायरेक्टथ्रीडी 12 आणि 2016 मध्ये मँटलच्याच पायावर उभं राहिलेलं व्हल्कन. या पिढीनं एक मोठा बदल केला. मेमरी कुठं घ्यायची, एक काम संपेपर्यंत दुसऱ्यानं कधी थांबायचं, हे सगळं आधी ड्रायव्हर (जीपीयू चालवणारं सॉफ्टवेअर) गुपचूप बघायचा. ते आता प्रोग्रामरच्या अंगावर आलं. ओपनजीएलमध्ये एक त्रिकोण काढायला पानभर ओळी पुरतात, व्हल्कनमध्ये हजाराच्या आसपास लागतात. त्या बदल्यात काय मिळतं? जिथं एका चित्रासाठी हजारो आज्ञा पाठवायच्या असतात आणि प्रोसेसरची दमछाक होते, तिथं तो भार प्रोसेसरच्या एकाच वेळी चालणाऱ्या अनेक धाग्यांवर वाटता येतो आणि प्रत्येक आज्ञेचा खर्च कमी होतो.

दारव्ह्यातल्या कामात हजारो आज्ञा होत्या का? ताईंनी हाच प्रश्न विचारला, जरा वेगळ्या शब्दांत: "हे महाग औषध कोणत्या रोगावरचं आहे?" मग कागदावर हिशेब झाला. शिवाराचा घेतलेला भाग दोन किलोमीटर बाय दोन किलोमीटर. ड्रोनची मोजणी बारीक असली तरी दाखवण्यासाठी चार मीटरची जाळी पुरे, म्हणजे 500 गुणिले 500, 2,50,000 बिंदू. ही जमीन चार तुकड्यांत काढायची, वर हवाई छायाचित्र, गटांच्या रेषा, नंबर आणि पाण्याचा थर. एका चित्राला पंधरावीस आज्ञा. व्हल्कन ज्या खर्चात बचत करतं तो खर्च इथं नव्हताच. फोन तापणार होता तो प्रत्येक ठिपक्यावर छायाचित्र रंगवताना, आणि त्यावरचा उपाय कुठल्याही एपीआयमध्ये एकच: बोट हललं तरच नवं चित्र काढा, एरवी गप्प बसा. सेकंदाला साठ वेळा तेच स्थिर शिवार पुन्हा पुन्हा रंगवणारी पहिली आवृत्ती बंद केली आणि बॅटरीची तक्रार मिटली.

पुण्याच्या इंजिनिअरला हे पटलं, पण तो म्हणाला तेही योग्यच होतं: आजचं सोडा, पाच वर्षांनी काय? त्याचं उत्तर खोलीत बसून मिळणार नव्हतं. वेबवाल्यानं एक छोटं पान केलं. ते उघडलं की फोनमधल्या जीपीयूचं नाव आणि वेबजीएलची कोणती आवृत्ती चालते ते मोठ्या अक्षरांत दिसायचं. हे पान घेऊन क्यूजीआयएसवाली मुलगी बचत गटाच्या बैठकीत गेली, चहाच्या टपरीवर बसली, पंचायतीत गेली. ज्याच्या हाती फोन त्याला 'हे उघडून दाखवा ना भाऊ' म्हणायचं आणि वहीत नोंद करायची. इंजिनिअरिंगच्या पुस्तकात हे काम सापडायचं नाही, पण या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा कागद ती वहीच.

वहीत काय निघालं? भरपूर फोनांत पॉवरव्हीआर जीई8320 हा जीपीयू. यात कागदावर व्हल्कन आहे. पण स्वस्त फोनाचा ग्राफिक्स ड्रायव्हर कारखान्यातून निघाला तेव्हाचाच सहसा राहतो. त्यात गडबड असली तर दुरुस्त करायला कोणी येत नाही. मग ॲड्रिनो 308, रेडमी 5ए आणि जिओफोन नेक्स्टमधला. यात ओपनजीएल ईएस 3.0 आहे, व्हल्कन नाही. थोड्यांकडे नवे, दणकट फोन. आणि काही घरांत, बहुतेक म्हाताऱ्यांकडे मुलांनी वापरून दिलेले, माली-400 चे फोन, ज्यांची उडी ओपनजीएल ईएस 2.0 च्या पुढे जात नाही. पंचायतीच्या संगणकावर विंडोज 7. त्यावर क्रोम 109 व्या आवृत्तीला थांबलेलं, आणि वेबजीपीयू आलं 113 व्या आवृत्तीत, मे 2023 मध्ये. इंटेलच्या त्या जुन्या चिपला विंडोजवर व्हल्कनचा ड्रायव्हरही मिळत नाही.

तिथंच वेबजीपीयू आणि व्हल्कन दोन्ही मागे पडले. उरले ओपनजीएल ईएस थेट वापरणं किंवा वेबजीएल. वेबजीएल 1.0 (2011) हे ईएस 2.0 वर आणि वेबजीएल 2.0 (2017) हे ईएस 3.0 वर बेतलेलं, म्हणजे ताकद जवळपास सारखी. फरक मधल्या माणसाचा. वेबजीएलमध्ये ब्राउझर मध्ये उभा असतो. ड्रायव्हरची माहीत असलेली खोड तो परस्पर टाळतो, विंडोजवर ॲंगल नावाच्या थरातून आज्ञा डायरेक्टथ्रीडीत फिरवून देतो, त्यामुळे ओपनजीएलचा ड्रायव्हर मोडका असला तरी अडत नाही. आणि अँड्रॉइड 5 पासून वेबव्ह्यू, म्हणजे ॲपच्या आत पान दाखवणारा ब्राउझरचा तुकडा, प्ले स्टोअरवरून स्वतंत्रपणे अद्ययावत होतो. फोन कंपनीनं पाठ फिरवली तरी हा एक तुकडा ताजा राहतो. शिवारात रेंज नसते म्हणून टीमनं पान आणि माहिती दोन्ही एका एपीकेत (अँड्रॉइड ॲपच्या फाइलीत) बांधली आणि ती व्हॉट्सॲपवर पाठवली. तयार गेम इंजिनचा विचार इथंच मागे पडला, कारण फाइल जितकी जड तितकी ती कमी लोक उतरवून घेणार.

वेबजीएल ठरलं. त्यासाठी थ्री-जेएस ही लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, घेतली. आता सगळं सुरळीत व्हायला हवं होतं.

पहिला घोटाळा झाला तो धुऱ्यांचा. गटाच्या रेषा जवळ जाऊन पाहिल्या की थरथरायच्या. नकाशा हळूच फिरवला तर रेषा अंगात आल्यासारखी नाचायची, आणि दोन शेतांमधली सीमा कधी इकडच्या तर कधी तिकडच्या वावरात दिसायची. धुऱ्याच्या फूटभर जागेवरून सख्खे भाऊ कोर्टात जातात अशा भागात हे दाखवायला नेणं म्हणजे भांडण विकत घेणं. पुण्याचा इंजिनिअर म्हणाला, बघा, ब्राउझरचा मधला थर आहे म्हणून हे होतंय. पण तो नुसता बोलून थांबला नाही. आपल्या लॅपटॉपवर त्यानं व्हल्कनमध्ये फक्त या रेषा काढणारा प्रोग्राम लिहिला. तिथंही रेषा तशाच नाचल्या.

कारण आकड्यांत होतं. सर्व्हेची माहिती यूटीएम पद्धतीत, म्हणजे पृथ्वीचे उभे पट्टे पाडून प्रत्येक जागा मीटरमध्ये सांगायची. दारव्हा परिसरात विषुववृत्तापासूनचं उत्तरेकडचं अंतर साडेबावीस लाख मीटरच्या घरात येतं. जीपीयूमधला 32 बिटांचा दशांश आकडा एकूण 24 बिटांची अचूकता ठेवतो. त्यामुळे 20,97,152 च्या वरच्या आकड्यांत तो पाव मीटरपेक्षा बारीक फरक लिहूच शकत नाही. म्हणजे प्रत्येक धुरा जवळच्या पाव मीटरवर सरकून बसत होता, आणि नकाशा फिरवताना गुणाकारांत ही चूक दर चित्राला वेगळी पडत होती. इलाज दोन ओळींचा: शाळेच्या कोपऱ्याला शून्य मानायचं, सगळ्या आकड्यांतून त्याचे आकडे वजा करायचे, आणि ही वजाबाकी जावास्क्रिप्टच्या 64 बिटांत करून मगच जीपीयूला द्यायचं. रेषा शांत बसल्या. (जाता जाता: यवतमाळ जिल्हा यूटीएमच्या 43 आणि 44 या दोन पट्ट्यांत विभागलाय. 78 अंश रेखांशाची रेघ दारव्हा आणि यवतमाळ शहर यांच्या मधून जाते. पुढचं गाव त्या बाजूचं निघालं तर नवी डोकेदुखी, हे क्यूजीआयएसवालीनं तेव्हाच बजावून ठेवलं.)

त्या व्हल्कनच्या प्रोग्राममध्ये इंजिनिअरचे बरेच दिवस गेले आणि ताई त्यावर खूश नव्हत्या. मला विचाराल तर तो खर्च वसूल झाला. एरवी प्रत्येक दुखण्याचं खापर वेबजीएलवर फुटत राहिलं असतं.

दुसरा घोटाळा ग्रामसभेतच उघडा पडला. शाळेच्या खोलीत प्रोजेक्टर, ताईंचा लॅपटॉप, खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केलेला. शिवार पडद्यावर आलं, लोक आपापली वावरं शोधू लागले. तेवढ्यात मागून एक काका उठले. "ताई, हे विहीर कोनाची दाखवली? इथं तं माहा धुरा हाये." शिवाराच्या बरोबर मधोमध एक काळा टिकला होता. जवळ नेल्यावर कळलं की ते जमिनीत पडलेलं तिकोनी भगदाड आहे. हशा पिकला, काकांना दोनचार जणांनी नव्या विहिरीबद्दल पार्टी मागितली, आणि सभा पुढे चालली. आदल्या दिवसापर्यंत जुन्या फोनांवर नीट तपासलं होतं आणि तिथं भगदाड नव्हतं. नव्या फोनांवर आणि लॅपटॉपवर होतं.

जुन्या फोनांवर वेबजीएल 1 चालत होतं, नव्यांवर आणि लॅपटॉपवर वेबजीएल 2, आणि याचं मूळ या दोन आवृत्त्यांमधल्या एका बारीक फरकात निघालं. वेबजीएल 1 मध्ये बिंदूंचे अनुक्रमांक मुळात 16 बिटांचे, म्हणजे 0 ते 65,535. म्हणून टीमनं जमिनीचा प्रत्येक तुकडा बरोबर 256 गुणिले 256 बिंदूंचा केला होता: 65,536 बिंदू, एकही वाया नाही. वेबजीएल 2 मध्ये मात्र 16 बिटांतला शेवटचा अनुक्रमांक, 65,535, राखीव आहे. त्याचा अर्थ 'इथं थांब आणि पुढचा आकार नव्यानं सुरू कर', आणि ही सोय बंद करता येत नाही. त्यामुळे प्रत्येक तुकड्याच्या शेवटच्या कोपऱ्यातला एक त्रिकोण गळत होता. चार तुकड्यांपैकी पहिल्याचा तो कोपरा नेमका शिवाराच्या मध्यावर. तुकडे 255 चे केले आणि विहीर बुजली. जुनं यंत्र ठीक चालवतं म्हणजे नवं चालवेलच, हा आपला समज किती पोकळ आहे याचं इतकं नेटकं उदाहरण मी दुसरं पाहिलेलं नाही.

पाण्याचा भाग मला सगळ्यात अवघड वाटला होता आणि तोच सगळ्यात सहज सुटला. व्हल्कन आणि वेबजीपीयूमध्ये कॉम्प्युट शेडर असतात, म्हणजे जीपीयूकडून चित्राखेरीज इतर गणितंही करून घेता येतात. वेबजीएलमध्ये ते नाहीत. 'बांध घातल्यावर पाण्याची वाट पुन्हा काढायची ती कशी?' हा व्हल्कनच्या बाजूचा शेवटचा आणि सगळ्यात वजनदार मुद्दा होता. पण पाण्याची वाट काढायची रूढ पद्धत, जी डी8 म्हणून ओळखतात, तिचं रूप बघा. प्रत्येक चौकोनाचं पाणी आठ शेजाऱ्यांपैकी सगळ्यात उताराच्या शेजाऱ्याकडे जातं. मग वरून खाली येत येत प्रत्येकाकडे किती पाणी जमतं याची बेरीज. खालच्याची बेरीज वरच्याची झाल्याशिवाय होत नाही. एकाच वेळी हजारो हात लावून उरकण्यासारखं हे काम सरळपणे नाही. उलट साध्या प्रोसेसरला 2,50,000 चौकोन उंचीप्रमाणे लावून एकदा खाली उतरायला फार वेळ लागत नाही, स्वस्त फोनावरसुद्धा. मूळ शिवाराची वाट तर ऑफिसातच क्यूजीआयएसमध्ये काढून ठेवलेली. बांध घातला की फोन ती नव्यानं मोजतो आणि उत्तर रंगांच्या थरात भरतो. जीपीयूनं फक्त निळा रंग दाखवायचा.

पंचायतीच्या संगणकाची गोष्ट थोडक्यात. तिथं शिवार गोगलगायीसारखं हलायचं. क्रोमनं तो जुना ग्राफिक्स ड्रायव्हर धोकादायक यादीत टाकून सगळं काम प्रोसेसरवर ढकललं होतं. संगणक परिचालकानं ड्रायव्हर नवा घातल्यावर बरं झालं.

आता माझा मतभेद. माली-400 च्या फोनांसाठी वेबजीएल 1 ची वाट शेवटपर्यंत जपायची, हा ताईंचा हट्ट. भावना कळते, नाल्याकाठची जमीन ज्यांची, त्यातल्या काहींच्याच हातात हे फोन. पण किंमत बघा. या चिपच्या रंग काढणाऱ्या भागात अचूकता फक्त 16 बिटांची. मोठं छायाचित्र पसरलं की कडांना चौकडे पडतात. उंची चित्रात भरून तिच्यावरून जमीन उचलायची सोपी युक्ती इथं चालत नाही, कारण बिंदू हलवणाऱ्या भागाला चित्र वाचताच येत नाही. म्हणजे प्रत्येक गोष्ट दोनदा लिहा, दोनदा तपासा. भगदाडाचा घोटाळासुद्धा दोन आवृत्त्या सांभाळण्यातूनच आलेला. अशा फोनला फिरवता येणारं शिवार देऊच नये असं माझं म्हणणं होतं. वेगवेगळ्या बाजूंनी आधीच काढलेली दहाबारा चित्रं द्यावीत, वर गट नंबर, बस्स. त्या फोनच्या लहानशा पडद्यावर आजोबा नकाशा फिरवत बसत नाहीत, आपलं वावर आणि नाला बघतात.

हा वाद बाहेरूनच सुटला. 2024 मध्ये थ्री-जेएसनं 163 व्या आवृत्तीपासून वेबजीएल 1 चा आधार काढून टाकला. टीमपुढे दोनच रस्ते राहिले: 162 वर कायम थांबायचं, किंवा ती वाट सोडायची. आधी ताई 162 वर थांबल्या. मग दुसऱ्या गावाचं काम आलं, ते नेमकं 78 अंशाच्या पलीकडचं, आणि पट्ट्यांचा गुंता सोडवण्यात सगळे गुंतले असताना वेबजीएल 1 ची तपासणी करायला कोणी मोकळं राहिलं नाही. तेव्हा जुन्या फोनांना चित्रं द्यायचं ठरलं. त्या चित्रांवर गट नंबर मोठ्या अक्षरांत आहेत, म्हणून काही जण नवा फोन असूनही चित्रंच मागतात.

वेबजीपीयूचा प्रश्न फाइल बंद करून ठेवलेला नाही. जानेवारी 2024 पासून ते अँड्रॉइडवरच्या क्रोममध्येही आहे, पण अँड्रॉइड 12 किंवा पुढचं आणि ठरावीक जीपीयू असेल तरच. तपासणीच्या पानात त्याची एक ओळ वाढवली आहे आणि प्रत्येक नव्या गावात वही पुन्हा भरली जाते. पुण्याच्या इंजिनिअरनं चित्र काढणारा सगळा कोड एका वेगळ्या कप्प्यात नेऊन ठेवलाय. पाण्याचं गणित, गट नंबर, बांध घालायची बटणं यांना वेबजीएलचं नावही माहीत नाही. बदलायची वेळ आली तर तो एक कप्पा बदलायचा. कधी, ते वहीतल्या नोंदींवरून ताई ठरवतील, असं त्यानं स्वतःच सुचवलं.